खाडीकाठी जुनी लेन्स: पारखणं, उघडणं, जपणं

ठाणे असो की नवी मुंबई, आपण राहतो खाडीच्या काठावर. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरं चढतं आणि कपाटात पडून असलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आत बुरशी वाढते. म्हणूनच जुन्या लेन्सच्या खरेदीबद्दलचे कोरड्या हवेच्या देशांतले सल्ले इथे अपुरे पडतात. रंग उडालेला, रिंग घट्ट झालेली, रबर सुटलेलं, हे सगळं घरच्या टेबलावर सुधारतं. काच खाल्ली गेली असेल तर ती मात्र परत येत नाही. त्यामुळे आधी काच बघायची, मग यंत्र, आणि किंमत सगळ्यात शेवटी. पुढे जे काही सांगतोय ते याच क्रमाला धरून आहे.

कॅमेऱ्याला काय बसेल

बाजारात जाण्याआधी एक आकडा समजून घ्या. कॅमेऱ्याच्या माउंटपासून (जिथे लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक प्रकारात ठरलेलं असतं. निकॉन एफचं ४६.५ मिमी, जुन्या एम४२ स्क्रू माउंटचं ४५.४६, कॅनन ईएफचं ४४, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, हे अंतर फार कमी: सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. लेन्ससाठी लागणारं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर मधला फरक भरून काढणारा धातूचा साधा अॅडाप्टर पुरतो. उलट असेल तर लांबच्या गोष्टींवर फोकस येतच नाही.

याचा अर्थ असा की मिररलेस कॅमेरा असेल तर एसएलआरच्या (आत आरसा असलेल्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) काळातली जवळपास कुठलीही लेन्स घ्या. कॅननच्या डीएसएलआरवर एम४२ लेन्स छान चालतात; फुल फ्रेम बॉडीत काही लेन्सचा मागचा भाग आरशाला लागू शकतो, एवढं तपासा. निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ नको. त्यासाठी मध्ये काच असलेला अॅडाप्टर लागतो आणि ती स्वस्त काच लेन्सचा सगळा गुण घालवते. निकॉनवाल्यांनी सरळ जुनी निकॉर (निकॉनचीच लेन्स) शोधावी, पण १९७७ साली आलेल्या एआय पद्धतीची किंवा त्यानंतरची. त्याआधीची, एआयसाठी न बदललेली निकॉर जोर लावून बसवली तर काही बॉडींच्या माउंटवरचा छोटा लीव्हर मोडतो.

पहिली लेन्स कुठली, असं कोणी विचारलं तर मी हेलिओस ४४-२ सांगतो. सोव्हिएत बनावटीची ५८ मिमी एफ/२, झाइसच्या बायोटारच्या आराखड्यावर बेतलेली, चार गटांत सहा काचा, आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर येत असल्यामुळे आजही सहज मिळणारी. तिचं अॅपर्चर (पात्यांनी लहान-मोठं होणारं, उजेड आत सोडणारं छिद्र) हाताने फिरवायचं, आत पिना-स्प्रिंगांची गुंतागुंत नाही, म्हणून शिकायला ती उत्तम. पेंटॅक्सच्या टाकुमार लेन्स घडणीत तिच्यापेक्षा कितीतरी सरस. चांगली टाकुमार हातात घेऊन एकदा फोकस रिंग फिरवून बघा, धातूचं काम काय असतं ते कळतं.

एम४२ च्या ज्या लेन्सच्या मागे बारीक पिन असते, तिच्यासाठी ती पिन दाबून धरणारा अॅडाप्टर घ्या. नाहीतर रिंग कितीही फिरवली तरी अॅपर्चर उघडंच राहतं. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्स नसताना शटर’ हा पर्याय चालू करा. अॅडाप्टरवरची जुनी लेन्स कॅमेऱ्याला दिसतच नाही.

शोधायची कुठे

सगळ्यात चांगल्या लेन्स घरांतच असतात. नौपाडा, चरई, कळवा, वाशीचे जुने सेक्टर इथे ऐंशी-नव्वदच्या दशकात हौसेने एसएलआर घेतलेली पिढी आहे. नातेवाइकांत, सोसायटीच्या ग्रुपवर, जवळच्या जुन्या फोटो स्टुडिओत शब्द टाकून ठेवा. स्टुडिओवाल्या काकांशी आदराने बोला. “काका, जुन्या मॅन्युअल लेन्स पडून आहेत का? टॉर्च मारून बघितल्या तर चालेल?” एवढं विचारलं की बहुतेक जण कपाट उघडतात, आणि त्या लेन्सने कोणाकोणाची लग्नं टिपली तेही सांगतात. ते नीट ऐका. लेन्स कशी वापरली आणि कुठे ठेवली होती, हे त्यातूनच कळतं.

बाजारातून घ्यायची तर फोर्टातली बोरा बाजार स्ट्रीट आणि मटन स्ट्रीटचा चोर बाजार. फोर्टासाठी सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. चोर बाजारासाठी सँडहर्स्ट रोड जवळ पडतं. ठाण्याहून स्लो लोकल धरा, फास्ट तिथे थांबत नाही. नवी मुंबईकरांना हार्बर थेट नेते. बोरा बाजारात माल पारखलेला असतो, भाव त्यानुसार. चोर बाजारात डोळे तुमचे आणि जबाबदारीही तुमचीच.

ऑनलाइन व्यवहारात विक्रेत्याकडे ठरावीक फोटो मागा: अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, मागून टॉर्च लावून, समोरून काढलेला एक, बाजू बदलून दुसरा, अर्धं मिटलेल्या अॅपर्चरच्या पात्यांचा तिसरा. “काच क्लीन आहे” या वाक्याला किंमत देऊ नका. प्रत्यक्ष भेट दिवसाउजेडी उघड्यावर ठरवा. तलावपाळीचा कट्टा किंवा नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान यासाठी चांगलं, कारण आभाळाच्या उजेडातही काच बघता येते. स्टेशनच्या पुलावर गर्दीत लेन्स बघू नये. पैसे बघून झाल्यावरच द्यायचे.

टॉर्चची तपासणी

यात पाच-दहा मिनिटं जातात आणि खरेदीचा निर्णय इथेच होतो. सोबत छोटा पण तेज एलईडी टॉर्च ठेवा. मोबाइलचा चालतो, पण त्याचा उजेड पसरट पडतो.

दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा. टॉर्च मागच्या बाजूने, सरळ न धरता थोडा तिरका धरा आणि पुढून बघा. कोन हळूहळू बदलत राहा, म्हणजे एकेका काचेचा पृष्ठभाग उजळत जातो. मग लेन्स उलटी करून तेच पुन्हा. शेवटी टॉर्च बंद करून लेन्स आभाळाकडे धरा. टॉर्चमध्ये जे भयानक दिसतं, त्यातलं काय खरोखर फोटोत येणार आहे याचा अंदाज आभाळाच्या उजेडात येतो.

धूळ दिसणारच, तिला घाबरू नका. काचेत गोल, स्वच्छ बुडबुडे दिसले तर ते काच ओततानाचेच, जुन्या काळात सर्रास असायचे. त्यांनी काही बिघडत नाही. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असला तरी चित्रावर परिणाम नगण्य असतो. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र जास्त नडतो.

बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, बहुधा काचेच्या कडेपासून आत फांद्या फुटत गेलेली. पुढच्या किंवा मागच्या मोकळ्या पृष्ठभागावर, पातळ, कडेला असेल तर हरकत नाही, भाव पाडून घ्या. मध्यभागी दाट, पांढरट गुच्छ असतील तर सोडा. बुरशी आम्लं सोडते आणि ती कोटिंग (काचेवरचा पातळ थर), पुढे काचसुद्धा, कोरत जातात. साफ केल्यावर बुरशी जाते आणि तिची नक्षी राहते.

सगळी काच एकसारखी दुधाळ दिसली तर ते धुकं. ते बरेचदा ग्रीसमधल्या तेलाच्या वाफेचं असतं आणि पुसलं की निघतं. पण कडेला इंद्रधनुष्यी कडी किंवा चंदेरी चट्टा दिसला, तर दोन काचा जोडणारं बाल्सम सुटू लागलंय. हे घरी होण्यासारखं काम नाही. लेन्स कितीही दुर्मीळ असो, पहिल्या खरेदीत ती घेऊ नका.

आता यंत्र. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. एकसारखी घट्ट असेल तर ग्रीस वाळलंय, दुरुस्त होईल. मध्येच अडकत असेल किंवा खरखरत असेल तर आत वाळू गेली आहे किंवा नळी वाकली आहे. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक शोधा. पिन असलेल्या लेन्समध्ये पिन दाबताच पात्या झटकन मिटल्या पाहिजेत. रेंगाळल्या तर तेल आहे. हाताने फिरवायच्या हेलिओससारख्या लेन्समध्ये थोडं तेल चालून जातं. शेवटी स्क्रूंची डोकी बघा. ती झिजलेली असतील तर कोणीतरी आधी उघडून बघितलंय, आणि आतल्या काचा योग्य क्रमाने, योग्य बाजूने बसवल्या असतील याची खात्री नाही. अशी लेन्स कॅमेऱ्यावर लावून बघितल्याशिवाय घेऊ नये.

हत्यारं आणि रसायनं

स्क्रूड्रायव्हरवर कंजुषी करू नका. जपानी लेन्सचे फुलीचे स्क्रू जेआयएस या जपानी मापाचे असतात; साधा फिलिप्स त्यांत पूर्ण बसत नाही आणि डोकं कुरतडतो. याशिवाय दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, खाचा नसलेल्या रिंगा फिरवायला वेगवेगळ्या मापांचे रबरी बूच, हाताने दाबायचा ब्लोअर, चिमटा, धागे न सुटणारे टिश्यू आणि कप्पे असलेला ट्रे.

अल्कोहोल म्हणून ९९ टक्के आयसोप्रोपिल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले ‘आयपीए’ म्हणून वापरतात तेच. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, काचेवर चिकट थर राहतो. जुनं ग्रीस काढायला लायटरमध्ये भरायचं पेट्रोल उत्तम. ते खिडकी उघडून, देवघर आणि गॅसपासून लांब वापरा. नवीन ग्रीस हेलिकॉइडसाठीचंच (फोकसच्या आट्यांसाठीचं) घ्या. शिलाई मशीनचं तेल, व्हॅसलीन किंवा गंज सोडवायचा स्प्रे लेन्सला लावू नका. उन्हाळ्यात ते पातळ होऊन पात्यांवर आणि काचांवर उतरतं, आणि आधी नसलेला रोग तुम्हीच आत सोडता.

काच साफ करणं

घोडबंदर रोडच्या कडेला राहणाऱ्यांना धुळीबद्दल सांगायला नको. काम करताना पंखा बंद, टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं, खाली फिक्या रंगाचा टॉवेल, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळत नाही आणि दिसतो.

आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि त्यानंतरच ओलं टिश्यू. धुळीचा कण काचेवर असताना पुसलं की ओरखडा पक्का. टिश्यूवर अल्कोहोलचे एक-दोन थेंब घ्या, काचेवर थेट कधीच टाकू नका. कडेने आत झिरपतं. मध्यातून बाहेर, गोल गोल, जोर न देता. प्रत्येक वेळी टिश्यूची नवी बाजू.

आतल्या काचेपर्यंत जायचं तर प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो काढा. पुढची नाव कोरलेली रिंग बऱ्याच लेन्समध्ये रबरी बुचाने फिरवून निघते, मागची स्पॅनरने. फिरत नसेल तर बहुधा आट्यांत लॅकर (आटे पक्के धरणारं वार्निश) आहे. आयपीएचा एक थेंब आट्यांवर सोडून थांबा, किंवा हेअर ड्रायरने हलकं गरम करा. स्पॅनर एकदा निसटला की काचेवर आयुष्यभराची रेघ, म्हणून हात खाली दाबून, हळू. काच बाहेर काढताच कुठली बाजू पुढे होती ते कागदावर बाणाने लिहा. दोन बाजूंच्या वक्रतेतला फरक इतका कमी असतो की नंतर डोळ्यांना कळत नाही.

बुरशीला आधी अल्कोहोल लावून बघा. पातळ बुरशी तेवढ्यानेही निघते. नाही निघाली तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती सफाईचं सौम्य अमोनिया समान प्रमाणात, थोडंसंच, काचेच्या वाटीत मिसळा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू सुटून बाटली फुटू शकते; आणि ब्लीचच्या जवळपासही नेऊ नका, त्यातून विषारी वायू तयार होतो. कापसाच्या काडीने बुरशीवर लावा, काही मिनिटं राहू द्या, डिस्टिल्ड पाण्याने पुसा, शेवटी आयपीए. काचेच्या कडेचा काळा रंग आणि जोडलेल्या काचांचा सांधा ओला होऊ देऊ नका. दोन चिकटवलेल्या काचांच्या मध्ये बुरशी असेल तर तिथेच थांबायचं. तिथवर घरचं कुठलंच औषध पोहोचत नाही.

घट्ट फोकस रिंग

हेलिकॉइड म्हणजे एकमेकांत फिरणाऱ्या आट्यांच्या नळ्या. या कामाला घाई अजिबात चालत नाही, पण नीट झालं तर याच्याइतकं समाधान देणारं दुसरं काम नाही.

काचांचा भाग आधी वेगळा काढून झाकून ठेवा. फोकस रिंग बहुतेक लेन्समध्ये परिघावरच्या डोकं नसलेल्या बारीक स्क्रूंनी धरलेली असते. रिंग काढण्याआधी इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या फोकसला) ती कुठे थांबते, ते टोकदार वस्तूने धातूवर खूण करून ठेवा. आतली सरळ सरकणारी पट्टी सोडवा. आता नळ्या अगदी सावकाश उलट्या फिरवा आणि त्या ज्या क्षणी एकमेकींतून सुटतात तिथे दोन्ही नळ्यांवर खूण करा, फोटोही काढा. या नळ्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात. चुकीच्या आट्यातून शिरवली तरी नळी बसते, फिरते, सगळं ठीक वाटतं, पण इन्फिनिटी येत नाही. खूण नसेल तर मग एकेक सुरुवात करून बघत बसावं लागतं.

लायटरचं पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन आटे स्वच्छ करा. हिरवट-तपकिरी चिखल निघत राहतो. पांढऱ्या कपड्यावर डाग उमटायचा थांबेपर्यंत चालू ठेवा. पूर्ण वाळू द्या. ग्रीस काडीने अगदी पातळ लावा, आट्यांच्या फक्त तळाशी दिसेल इतकंच. जास्त झालं की ते शेवटी काचेकडेच जातं. खुणा जुळवून नळ्या बसवा, दोन-तीनदा पूर्ण फिरवा, बाहेर आलेलं ग्रीस पुसा.

पात्यांवर तेल असेल तर पात्या सुट्या करू नका. त्या पुन्हा रचणं हे नवशिक्याचं काम नाही. पुढच्या-मागच्या काचा काढल्यावर, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या काडीने पात्या जागच्या जागी पुसा, अॅपर्चर उघडमीट करा, पुन्हा पुसा.

इन्फिनिटी जुळवणं

गच्चीवर जा. ठाण्यातून येऊरचे डोंगर, नवी मुंबईतून पारसिकची रांग, किंवा किलोमीटरभर लांबचा कुठलाही मोबाइल टॉवर चालेल. अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, स्क्रीनवर चित्र मोठं करून बघा. रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर असताना टॉवरच्या जाळीच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. खुणेच्या आधीच धारदार होत असतील तर काळजी नको. अनेक अॅडाप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवलेले असतात. खुणेवर पोहोचूनही धूसर असेल तर फोकस रिंगचे बारीक स्क्रू सैल करून रिंग थोडी सरकवा आणि स्क्रू पुन्हा घट्ट करा. पाऊस उघडल्यावरची सकाळ या कामाला सगळ्यात चांगली. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी लेन्सला उगाच दोष लागतो.

पिवळी पडलेली काच

टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत आणि तेव्हाच्या इतर काही लेन्समध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. ती किंचित किरणोत्सारी असते आणि वर्षांनुवर्षांत चहाच्या रंगाची होते. नेहमीसारखी वापरायला हरकत नाही, फक्त ती काच घासू किंवा फोडू नका, आणि तशीच डोळ्याला लावून बसू नका. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. उन्हात ठेवायची तर मागच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइल घट्ट लावा. तसं न करता गॅलरीत ठेवलेली लेन्स ऊन एकवटून पडदाही पेटवू शकते. बंद गाडीत तर ठेवूच नका, बाल्सम आणि ग्रीस दोन्ही उष्णतेने बिघडतात. रोज थोडं ऊन, काही आठवडे. पावसाळ्यात यूव्ही एलईडी दिवा.

जपणं

चामडी केस आणि लाकडी कपाट आजच सोडा. दोन्ही ओल धरून ठेवतात. हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि नारंगी रंगाचं सिलिका जेल, एवढ्यात काम भागतं. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहायला हवी. जेल हिरवं पडलं की १२० अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरा. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं आणि ते घरच्या ओव्हनमध्ये नको. तांदळात लेन्स ठेवायची पद्धत सोडून द्या, पिठाची धूळ आत जाते. पाच-सहा लेन्स झाल्या की विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्यावं. दुसरी महाग लेन्स घेण्याआधी ते घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात एसीतून बाहेर पडताना लेन्स अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर आत-बाहेर दव धरतं. आणि लेन्स वापरत राहा. रविवारी येऊरला किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी तिला उजेड आणि वारा मिळाला की बुरशीला निवांत अंधार मिळत नाही. हेलिओसची गाजलेली गरगर फिरणारी पार्श्वभूमी हवी असेल तर अॅपर्चर पूर्ण उघडा, माणूस दोन मीटरवर आणि मागे पाच-सात मीटरवर झाडांची पानं. त्या पानांतून ऊन झिरपत असलं पाहिजे.

साफ केलेली बुरशीची लेन्स लगेच बाकीच्यांत मिसळू नका. वेगळ्या छोट्या डब्यात, वर तारखेची चिठ्ठी लावून ठेवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा टॉर्चखाली धरा. जुन्या नक्षीचा आकार तोच असेल तर तो फक्त व्रण आहे, लेन्स बाकीच्यांसोबत ठेवा. नवी फांदी फुटलेली दिसली तर काहीतरी आत राहून गेलंय. पुन्हा उघडा, आणि या वेळी काच जिथे बसते ती धातूची कडही पुसा.